सासूबाईंचं लाल पेन

३ मार्च, मंगळवार
सासूबाईंच्या घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही." देव आहे म्हणायचा! चेहऱ्यावर काळजी ठेवून मी मान हलवली. गाठ तपासायला पाठवलीय. नवरा म्हणतो, साधीच असणार.

४ मार्च, बुधवार
कसली शांतता! सकाळीच चिठ्ठी सरकवली — "पंखा चालू ठेवून कुठे निघालीस?" तीही लाल पेनने. सगळी हयात शाळेत पेपर तपासण्यात गेली, हात थोडाच गप्प बसणार? मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढायचे आणि घरी येऊन ही बारीक अक्षरं वाचायची!

७ मार्च, शनिवार
आजची चिठ्ठी — "उशा उन्हात टाकायच्या असतात, हे आईने शिकवलं नाही वाटतं." माझी सटकली. पेन उचललं आणि उत्तर लिहायलाच बसले. त्यांना बोलता येत नाही, ऐकू येतं, हे अर्धं पान भरल्यावर लक्षात आलं! पण थांबते कशाला? एरवी त्या माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत. कागदाला मध्येच तोडणार कशा? अख्खं वाचावं लागलं. खाली शेरा — "मुद्दा बरा. भाषा उद्धट. दहापैकी चार."

चार!

९ मार्च, सोमवार
जेवताना आमचं कागदावर घमासान चाललेलं. नवरा ताटातून मान वर करून म्हणतो, "हल्ली घरात किती शांत वाटतं, नाही?" आम्ही दोघी एकदम हसलो. त्यांना हसायलाही बंदी, बिचाऱ्या नुसते खांदे हलवत बसल्या.

१२ मार्च, गुरुवार
डब्याखाली चिठ्ठी. आज निळ्या पेनने. "रिपोर्टची भीती वाटते. त्याला सांगू नकोस, घाबरट आहे."

दुकानात पुन्हा पुन्हा वाचली. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा चढवला. हे त्या मला तोंडाने म्हणाल्या असत्या? जीव गेला तरी नाही! — लिहिलं आणि माझी मीच जीभ चावली.

उत्तर लिहायला बसले. कागदावर कागद फाडले. शेवटी एवढंच — "मलाही वाटते. रिपोर्ट आणायला मी येते तुमच्याबरोबर." शेरा आला नाही.

१६ मार्च, सोमवार
रिपोर्ट चांगला!! नवरा दवाखान्यातच रडला. घाबरटच आहे. उद्यापासून बोलायला परवानगी. संपलं माझं सुख!

१७ मार्च, मंगळवार
घोगऱ्या आवाजात सगळ्यांशी बोलून झालं — मुलगा, शेजारीण, कचरेवाला. माझ्याशी अक्षर नाही! फार लागलं मला. ताटं उचलायला गेले, तर त्यांच्या ताटाखाली चिठ्ठी —

"तुझ्याशी लिहूनच बोलेन. तोंडाने आपलं इतक्या वर्षांत जमलं नाही."

डोळे पुसले आणि खाली लिहिलं — "चालेल. पण मार्क वाढवा."

आठ दिले.