पहिल्या तारखेचं पाणी

१ नोव्हें. २००९, रवि.
चर्चमधल्या मिसाहून आल्यावर आईने विहिरीचं पाणी चाखलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चाखते. बाबा चाखायचे, ते गेल्यावर ही. एक घोट तोंडात धरायचा, थुंकायचा, वाटीतलं उरलेलं केळीच्या बुंध्यात ओतायचं. निकाल मी लिहायचा.
पाणी : गोड. (जरा थांबून म्हणाली. ते थांबणं आवडलं नाही.)
राजेळी केळ्यांचे सहा घड पिकलेत. उद्या सोलून मांडवावर. नाताळची सुकेळी. आठ दिवस कडक ऊन हवं, बाकी काही नको.
शेजारच्या बस्त्यावच्या विहिरीवरची मोटर पहाटेपासून चालू. गल्लीत त्याचं पाणी विकत न्यायला तीन टँकर. सगळे विरारच्या बिल्डिंगांचे.

११ नोव्हें., बुध.
कालपासून पाऊस. नोव्हेंबरात! रेडिओवर चक्रीवादळ, चक्रीवादळ. संध्याकाळी म्हणे किनाऱ्यावर आलं आणि विरलं. आमचं जायचं ते गेलं. सुकेळ्यांना बुरशी, हात लावला की चिकट. आईने सगळी शेणखतात लोटली, मला हात लावू दिला नाही.
"सत्तर वर्सं सुकेळी करते. या महिन्यात मांडव कदी झाकला नाय," म्हणाली. तेवढंच.
बत्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. परतीचा पाऊस कधी संपतो, तो प्रश्न दोन मार्कांना असायचा. पेपर मी काढायचो. आता उत्तर मलाच येत नाही.

२२ नोव्हें., रवि.
चर्चच्या हॉलमध्ये वाडीवाल्यांची सभा. फादरनी बोलावलेली. विषय एकच, जमिनीखालून समुद्र आत येतोय. गोडं पाणी उपसलं की खारं वर चढतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वी रहाटाचे बैल दुपारी सोडायचे, विहीर संध्याकाळपर्यंत भरून यायची. मोटरला दुपार नसते.
ठराव असा की दुपारी बारानंतर सगळ्यांनी मोटरी बंद ठेवायच्या. मंजूर? सगळ्यांच्या माना हलल्या. मग कधीपासून? तिथे गाडी अडली. पलीकडच्या गल्लीने आधी करावं. ज्यांच्या दोन विहिरी त्यांनी आधी करावं. टँकरवाल्यांनी आधी करावं.
मी बस्त्याववर तापलो. चाळीस वर्षांचा शेजार, म्हटलं बोलायचा हक्क आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं,
"मास्तर, तुज्या एल्विननं विरारला फ्लॅट घेतला ना? तिथल्या टाकीत पानी कोन टाकते?"
हॉल हसला. मी खाली बसलो.
इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. लिहिलं : 'विषयाचं गांभीर्य सर्वांनी मान्य केलं. ठरावाची दखल घेण्यात आली.' सही केली. हात धुवावेसे वाटले.

१ डिसें., मंगळ.
आईने दोनदा चाखलं. बुंध्यात ओतलं.
पाणी : मचूळ. थोडंसं.
मागच्या बाजूच्या चार केळींच्या पानांच्या कडा करपल्यात.

९ डिसें., बुध.
टीव्हीवर डेन्मार्कची हवामान परिषद. जगभरचे साहेब विमानांनी जमलेत, धूर कमी कसा करायचा ते ठरवायला. श्रीमंत म्हणतात, तुम्हीही कमी करा. गरीब म्हणतात, आधी तुम्ही, तुम्हीच केलंय. आमच्या हॉलमधलीच सभा, फक्त तिथे कानाला भाषांतराची यंत्रं होती आणि चहा बहुधा बरा असेल.
आई विचारत होती, काय ठरलं. म्हटलं, अजून भांडतायत. "इतक्या लांब जाऊन?" म्हणाली.

१९ डिसें., शनि.
संपली परिषद. पेपरात दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. एक कागद तयार झाला आणि सभेने त्याची 'दखल घेतली'.
माझं वाक्य. शब्द न् शब्द माझं.
शिसारी आली. त्यांची, आमची, माझी. कुणाची जास्त ते सांगता येत नाही. पेपर चुलीत घातला.
ठरवलं : कुणी करो न करो, १ जाने.पासून आपली मोटर बाराला बंद. आईला सांगितलं. ती म्हणाली, केळी उन्हाळ्यात मरतील. म्हटलं, खाऱ्या पाण्यानेही मरतीलच.

२५ डिसें., शुक्र.
नाताळ. एल्विन, सून, नात. नातीने आल्या आल्या सुकेळी मागितली. आईने बाजारातून आणलेलं पाकीट फोडलं, बश्शीत मांडलं, आणि स्वतः त्यातलं एकही खाल्लं नाही.
एल्विनला टँकरचं बोललो. बिल्डिंगचं बोअर आटलंय, अडीचशे माणसं आहेत, काय प्यायचं, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे. बस्त्यावचंही बरोबर आहे, त्याचा पोरगा दोन वर्षं घरी बसलाय. सगळ्यांचंच बरोबर आहे, हीच तर घाण आहे.
जाताना एल्विनने आपल्या विहिरीचे दोन कॅन भरून गाडीत ठेवले. "इकडचं पाणी ते इकडचं, डॅडी."

१ जाने. २०१०, शुक्र.
मिसाहून आलो. आईने वाटी भरली आणि माझ्याकडे दिली.
"आता तू चाख. माज्या जिभेचा भरवसा नाय राह्यला."
कधी नव्हे ते. चाखलं. मचूळ नाही, सरळ खारट. घशापर्यंत गेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, त्र्याऐंशी वर्षांची, काठीवर दोन्ही हात.
"गोड आहे," म्हणालो.
"बरं," म्हणाली. वाटी घेतली. उरलेलं पाणी बुंध्यात नाही ओतलं. चार पावलं चालून रस्त्यावर ओतलं आणि घरात गेली.
पाणी :
लिहवत नाही.
मागच्या करपलेल्या केळींना आज पाणी सोडलंय. नाहीतर आठवड्यात जातील. तेवढं भिजलं की बंद करतो, असं म्हटलं होतं. बस्त्यावची मोटर ऐकू येतेय. आता दुपारचे दोन वाजून गेलेत. आमचीही चालूच आहे.