काळी आणि मोतिया गाडीची वाटणी

फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. मुलगा कधीचा "बाबा, लिहून ठेवा" म्हणत होता आणि मी "मला काय धाड भरली आहे?" म्हणून उडवून लावत होतो. काल कळले. मी, निवृत्त मोटारचालक, शिक्षण सातवी नापास, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर आहे.

घर मुलाचे. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. हत्यारांची पेटी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला. मोठा पाना त्याने आधीच नेला आहे, उरलेलेही न्यावेत. रंगाऱ्याला काही नाही. माझ्या काळ्या गाडीच्या दारावर रंगाचा ओघळ ठेवून वर "दिसत नाही हो" म्हणाला. मला रोज दिसतो.

आता दोन जुन्या गाड्या. काळी चढावर पाखरासारखी उठते, स्टिअरिंग एका बोटाने वळते. मात्र ऑइल पिते, कार्बोरेटरला सारखे गोंजारावे लागते. मोतिया रंगाची चढावर धापा टाकते, तिचे स्टिअरिंग म्हणजे जाते ओढणे. पण धुऊनपुसून ठेवली की वर्षभर कुरकुर नाही. काळी माझी, मोतिया सूनबाईची. माझ्या गाडीला मी तिला हात लावू देत नसे. ती म्हणायची, "बाबा, ब्रेकचं तेल पार काळं पडलंय, बदलू या." मी म्हणायचो, "गळत नाही ते उघडू नये."

काल रविवारी फेरीला निघालो. पुढे सूनबाई मोतियात, मागे काळीत मी आणि नात. टेकडीच्या उतारावर ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढला, तर तार तुटून दांडा सैल. मी हॉर्न दाबून धरला. सूनबाईने आरशात पाहिले, पण बाजूला पळाली नाही. वेग जुळवून तिने काळीचे नाक आपल्या गाडीच्या पाठीला टेकू दिले आणि त्या धापा टाकणारीने दोघींना वळणाच्या अलीकडे उभे केले.

नातीचे मनगट दुखावले. सूनबाईने तिला उचलले, "बाबा, तुम्हाला लागलं नाही ना?" एवढेच विचारले आणि चेपलेल्या मोतियातून माहेरी निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मला अजून पायाखाली काही लागत नाही.

म्हणून दोन्ही गाड्या सूनबाईच्या, आणि त्या माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासूनच. मुलाने मध्ये बोलू नये. त्याला पंक्चरही काढता येत नाही. काळी विकावी, भंगारात घालावी, मी वरून बघून रडणार नाही. पण विकलीच तर आधी ब्रेक नवे करावेत. घेणाऱ्याच्या घरीही नात असेल.

सही: मी स्वतः
साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमन, समोरच्या शिंपीणबाई (दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या)
ठिकाण: गाड्यांच्या शेडमधला बाक
दिनांक: बारा, सोमवार

सूनबाई, हा कागद शिंपीणबाईंच्या हाती पाठवतो आहे. वाटणी नंतर बघ. पोरीला बोटे हलवता येतात का, एवढे तरी लवकर कळव.