मुळांना भर लावू नये

सर, तुमच्या झाडाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. यंदा त्याने आणखी एक मूळ हवेत सोडलं आणि ते नेमकं नळाच्या वाटेवर रोवलं. रोज सकाळी भरली बादली घेऊन मला चार पावलांचा वळसा पडतो. निलगिरीचा एवढा डोंगर मोकळा असताना त्याला माझाच नळ सापडावा? दाद तुमच्याकडेच मागायची, तर तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली.

जळगावच्या मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने दक्षिण अमेरिकेतल्या ढगांत वाढणारा माड लावायचं मनात आणावं, हा वेडेपणा तुम्हालाच शोभत होता. कुणी ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवलेल्या मूठभर बियांतून दोन रोपं जगली. ती तुम्ही असोद्याला, केळीच्या बागेत मधोमध लावलीत, कारण जिल्ह्यात तेवढाच गारवा होता. बाग राखणारे आबा साक्रीकडचे, अहिराणी बोलणारे. दिवसातून तीनदा फवारणीच्या पंपाने रोपांवर पाणी उडवायचं, याला आम्ही विद्यार्थी ‘ढग पाडणं’ म्हणायचो. येणारेजाणारे विचारत, “सर, याला घड कधी पडंल?” तुम्ही शांतपणे सांगायचात, “माझ्या तेराव्यानंतर.”

मोठ्या रोपाला पहिली आधारमुळं फुटली तेव्हा तुम्ही जिलबी वाटलीत. बुंधा जमिनीपासून वीतभर वर, खाली केवड्यासारखी मुळं. जणू बाई लुगडं सावरून नदीत उतरतेय. मग तुम्ही पंधरा दिवस धुळ्याला, भाचीच्या लग्नाला गेलात. जाताना पंप माझ्या हातात देऊन म्हणालात, “फक्त ढग पाड. शहाणपणा करू नकोस.”

मी केळीवाल्यांची लेक. आमच्यात केळीची मुळी उघडी पडली की माती ओढून भर लावतात. नाही लावली तर आई म्हणायची, बाग नागवी ठेवली. मी कुदळ घेतली, बुंध्यापर्यंत भर लावली, पायाने दाबली, वर पाणी दिलं. मग रोज खचलेली माती हातांनी पुन्हा ओढत गेले. फार अभिमान वाटला.

तुम्ही परत येता, झाडाचा मधला कोंब हळूच धरता, आणि तो उपटून तुमच्या हातात येतो. बुंधा कुजलेला. “भर कोणी लावली?” मी केळीची पानं मोजत उभी. आबा पुढे होतात. “मीच लाई, भाऊ. जलमनी सवय शे. मुया दिखन्यात का हात ऱ्हात नही.”

तुम्ही तो कोंब अलगद खाली ठेवलात. मग म्हणालात, “आयुष्यभर केळी केली, पण झाडाला एकदा तरी विचारायचं, की तुला काय हवं?” आबांनी टोपी काढून हातात घेतली. तुम्ही घरी गेल्यावर मी आबांना विचारलं, असं का केलंत? “तुले शिकनं शे. मी कोठे परीक्षाले बसस?”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या रोपासाठी तुम्ही पंप आबांच्याच हातात दिलात. त्यांच्यावर तुमचा राग नव्हता, एवढंच मला तेव्हा कळलं.

लग्न होऊन मी इकडे निलगिरीत निघाले तेव्हा ते शेवटचं रोप कुंडीत काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तुम्ही दारात आलात. “मी पंपाने ढग करतो. तुझ्याकडे फुकट आहेत. ने.” तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “कुंडी जड आहे हो, सर.”

काल असोद्याला फोन लावला. आबांना आता नीट ऐकू येत नाही. नातवाने फोन कानाशी धरला. मी ओरडून म्हटलं, “आबा, सरांना पत्र लिहितेय, खरं सांगतेय.” आबा हसले. “आते? त्यासले तवयच ठाऊक व्हतं. पंप देतांना माले बोलनात. तुना नखंसमा माती व्हती.”

म्हणजे माझ्या नखांतली माती तुम्ही पाहिली होतीत, आणि ‘झाडाला एकदा तरी विचारायचं’ हे वाक्य आबांसाठी नव्हतंच. आणि सगळं ठाऊक असताना तुम्ही शेवटचं रोप माझ्या हाती दिलंत.

तेव्हा या पत्रात तुम्हाला नवं असं तक्रारीशिवाय काही नाही, आणि तीही मी मागे घेते. आज माणूस बोलावून नळ दोन हात सरकवून घेतला. मूळ आहे तिथेच आहे, उघडं. भर मी लावली होती, सर.