परवाना परत केला

ताईस,
धाकटीचा नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे.

‘आता धंदा कायदेशीर झाला, तू सुटलीस,’ असं तू लिहिलंस. मग ऐक. परवान्यासाठी दर सोमवारी आम्हा बायकांची तपासणी होते. काल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “गिऱ्हाइकांना कधी तपासता?”

“कायद्यात तसं नाही.”

“म्हणजे कायदा त्यांच्याच सोयीचा!” मी परवाना त्यांच्या टेबलावर फेकला आणि चालती झाले. आता पोलीस आले तर येऊ देत. घाबरू नकोस, शेजारच्या खोलीतल्या दोघी माझ्या बाजूने आहेत.

माझ्या पोरीचा खोकला थांबला का? शाळेच्या फॉर्मवर तू तिच्या आईचं काम ‘शिवणकाम’ लिहिलंस, असं तिनेच कळवलं. मग माझ्या परवान्याचा तुला आनंद तरी कशाचा झाला गं?

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी