पट्टीच्या जोरावर

३ तारीख, सकाळ
आणि मुकादमाला सांगून तरी काय उपयोग? त्याचं एकच टुमणं: खांदा दुखतो तर घरी जा, बाहेर शंभर जण उभे आहेत. तिसरा माणूस स्क्रू मारेपर्यंत आम्ही दोघांनी छताचा बोर्ड वर धरायचा. मुकादमाने स्वतः कधी धरलाय? वीस तारखेला पक्के लोक निवडणार. धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी त्यावरच आहे. तिला सांगून बसलोय की मी पक्का झालो. होणारच आहे, म्हणून खोटं धरत नाही.

५ तारीख
फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी खांद्यावर निळी, ताणून चिकटवायची पट्टी लावली. म्हणाल्या, पट्टी काही उचलत नाही, उचलतो तो स्नायूच. पट्टीने स्नायूचं काम वाढतं की कमी होतं, यावर मोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही. दोन आठवडे हात डोक्याच्या वर न्यायचा नाही.
नियम पाळणार. डोक्याच्या वर बोर्ड असतो. हात बोर्डाच्या खाली.

६ तारीख
बोर्ड कापसासारखा हलका. जोडीदार लांबूला म्हटलं, बघ पट्टीची करामत. "बरं," म्हणाला. जळतो.

९ तारीख
पट्टी सुटली. व्हिडिओ बघून नवीन लावली. मॅडमनी जरा ताणली होती, मी दुप्पट ताणली. जोरही दुप्पट येईल.

१० तारीख
खाज. म्हणजे लागू पडतंय. धाकटी फोनवर म्हणते, "दादा, ते औषध नाही रे, चिकटपट्टी आहे." अजून कॉलेजची पायरी चढली नाही आणि मला शिकवते.

१३ तारीख
फोड आले. शर्टाची बाही लांबूने चढवून दिली. म्हटलं, कुणाला सांगू नकोस. म्हणाला, "सगळ्यांना दिसतंय, सांगायला कोण उरलंय?" उद्यापासून उजव्या कुशीवर झोपायचं नाही. झोप लागली तर.

१७ तारीख
बारा बोर्ड. मुकादम म्हणाला, जोडी चांगली आहे. नजर माझ्याकडे होती. बहुतेक.

२० तारीख
मुकादमाने ऐन वेळी जोड्या बदलल्या. माझ्या वाट्याला परवा आलेला एक जण. मी तीन पट्ट्या लावून गेलो होतो. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बोर्ड माझ्या बाजूने खाली आला, दोन तुकडे. कुणी हसलंसुद्धा नाही.
लांबू पक्का झाला. जिन्यात भेटला. म्हणाला, "मी मधे सरकून डोकं लावायचो रे. तू एवढा खूश असायचास, काय बोलणार?" टाळूवर चांगलं सोललंय त्याच्या.
पट्टीही थोडीफार उचलत असेलच.

२२ तारीख
पट्टी काढली, कातडी घेऊन आली. मोडलेल्या बोर्डाचे पैसे पगारातून गेले. काम संपलं, परवा कामावरची खोली सोडायची.
धाकटीचा फोन. फीचं विचारलंच नाही, हात कसा आहे विचारलं. म्हटलं, झकास. पक्क्या लोकांचा पहिला पगार जरा उशिरा होतो, इथली पद्धतच आहे. मग म्हणाली, "बरं दादा."
पैसे पाठवायचा फॉर्म डाव्या हाताने भरला. रक्कम: आठशे साठ.