गच्चीवरची मोठी डिश आणि काकांची फुकटची वायर

मी, डिशवाल्याची थोरली मुलगी, वय चोवीस, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. उलट सगळ्यांनी नको म्हटल्यावर. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काकांनी मात्र कालच, डिश काढून तिथे मोबाइलचा टॉवर बसवायचा म्हणून, टॉवर कंपनीचा माणूस गच्ची मोजायला आणला. एवढी घाई तर झडपेलाही नव्हती.

१. वरचा मजला व गच्ची मी पदवीधर झाले तेव्हा बाबांनी बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. दोन्ही मी आईला देते, बाबांना नाही. बाबा भला माणूस. पण सख्ख्या भावासमोर त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. आईला तो शब्द उत्तम येतो.

२. ज्या मोठ्या डिशवरून बाबा तीस वर्षं गल्लीला टीव्ही दाखवतात, तीही आईला. उपग्रहाच्या लहरींचा पट्टा सरकारने मोबाइल कंपन्यांना विकला, तेव्हा नोटीस आली होती: डिशची नोंदणी करा, नाहीतर टॉवरचा त्रास झाल्यास तक्रार चालणार नाही. बाबा म्हणाले, "डिश फक्त ऐकते. ऐकणाऱ्याला परवाना कसला?" मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. मला ते इतकं थोर वाटलं की नोटीस मीच त्यांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल अजून डगमगत नाही. शेजारी टॉवर उभा राहिला आणि चित्राच्या ठिकऱ्या झाल्या. या मूर्खपणात वाटेकरी नको. तो माझ्याबरोबर जाऊ दे.

३. टॉवरविरुद्धच्या आमच्या तक्रारीची सुनावणी घेणाऱ्या साहेबांना माझं अकरा पानी भाषण. त्यात "आकाश सगळ्यांचं आहे" असं नऊ वेळा आहे. साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले होते, "ताई, आकाश सगळ्यांचंच. पट्टा तेवढा विकला." पानं कपाखाली ठेवायला पुरतील.

४. टॉवरचा गोंगाट अडवायला मी घडवलेले तीन फिल्टर बाबांना. चित्र परत आलं ते यांच्यामुळे, हे त्यांनी गल्लीत सांगावं. मला सांगायची लाज वाटली.

५. धाकट्या भावाला माझा लॅपटॉप. तो म्हणतो, "ताई, सगळं मोबाइलवर येतं, डिश म्हणजे भंगार." डिश जाणार हे मलाही कळतं, माझं शिक्षणच त्यातलं. पण कधी जाणार, हे टीव्ही बघणाऱ्यांनी ठरवावं, गच्ची मोजणाऱ्यांनी नाही.

६. म्हणून अट: जोवर एक जरी घर आमच्या वायरीवर टीव्ही बघत असेल, तोवर डिश हलवायची नाही. आज एकतीस घरं आहेत. कमी होत जातील.

७. काका. टॉवरवाला जिना उतरतो न उतरतो तोच त्यांनी खिडकीतून हाक मारली, "पोरी, चित्र अडकतंय, जरा वर जाऊन बघ ना!"

"मोबाइलवर बघा की, काका."

"छे गं, त्यात पैलवान दुसऱ्याला उचलतो आणि तसाच राहतो!"

सबब, काकांच्या घरची वायर त्यांना तहहयात फुकट. ती कोणीही, कधीही कापू नये. काकांनी आता कलम सहा पुन्हा वाचावं.

मी वाचले तर हे सगळं रद्द समजावं, कलम सहा आणि सात सोडून.

सही: डिशवाल्याची थोरली
साक्षीदार: १. गल्लीतला वायरमन २. समोरच्या वृद्धाश्रमातल्या परिचारिका (घर क्रमांक एकतीस)
ठिकाण: वरच्या मजल्यावरची दुरुस्तीची खोली, न डगमगणाऱ्या टेबलावर
दिनांक: ९ मार्च, सोमवार