भुसावळचे अकरा गोल

मुक्काम नंदुरबार

प्रिय बेटा जामसिंग,

आधी हे वाच की इकडे सगळे जिवंत आहेत. मला कुणाचं पत्र आलं की उघडण्याआधी कोण गेलं असेल याचीच भीती वाटते, तशी तुला वाटू नये म्हणून पहिल्या ओळीतच लिहून टाकलं. मी ठीक आहे, गुडघा सोडून. तुझी चाची हाजराबीही ठीक आहे, राग सोडून. तुझ्या आईबापाला, दलसिंगभाऊला आणि रूपलीबाईला, माझा सलाम सांग. तू चौथी पास आहेस आणि मी दुसरीतून उठून बापाच्या कापसाच्या पिंजणावर बसलो, तेव्हा चुका दिसल्या तर हसून घे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मधे टाकू नकोस. कामाचं शेवटी आहे, आणि ते एकदम लिहायला माझा धीर होत नाही.

तू भुसावळहून परतलास त्या दिवशी मी फलाटावर होतो. हॉकीच्या सामन्याला आलो नाही, कारण आगगाडीत बसायला मी किती भितो हे तुला ठाऊक आहे, पण स्टेशनावर आलो होतो. मिरचीवाल्या मोतीलाल शेठने बक्षिसाची ढाल ठेवायला लाल मखमलीचं टेबल मांडून घेतलं होतं. अजून फायनल बाकी आहे, नुसती सेमीफायनल खेळायला गेलीत पोरं, असं मी म्हणालो तर म्हणे, गफूरमियाँ, अपशकुन करू नका. गाडी आली तेव्हा ढोल वाजत नव्हता. सलाउद्दीनने तो खोळीत घालून, मयताला खांदा द्यावा तसा उतरवला, तेव्हाच मला समजलं. पण हरलात हे समजलं, अकरा गोलांनी हरलात हे नव्हे. मी डब्याडब्यातून तुला शोधत होतो. सलाउद्दीनने माझ्या हातात तुझे गोलकीपरचे पायाचे पॅड दिले आणि म्हणाला, मागून येतोय. तू मागून आला नाहीसच. उलट्या बाजूने उतरून, रूळ ओलांडून तळोद्याच्या रस्त्याला लागलास. डिंकवाल्याकडून तू घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात तापीत किती वेळा बुडवलं, ते विचारू नकोस. हाजराबी म्हणायची, तापीला सध्या गुडघाभर पाणी आहे. मी म्हणायचो, बुडायला तेवढंही पुरतं.

गावाचं काय सांगू. पहिले दोन दिवस बाजारात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मग बोलायला लागले ते थांबेनात. कुणी म्हणे भुसावळच्या रेल्वेवाल्यांना इंग्रज साहेब शिकवतो. कुणी म्हणे मैदान त्यांच्या बाजूला उतरतं होतं. मी विचारलं, मग अर्ध्या वेळानंतर बाजू बदलली तेव्हा काय मैदानही फिरलं? त्यावर मला म्हणाले, तुम्ही गाद्या भरा. दोंडाईच्याचे व्यापारी मुद्दाम मोजून अकरा वांगी मागतात. आपला भाईदास मापारी, ज्याचा आवाज मिरचीबाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, त्याने तर मोजताना अकरा म्हणणंच सोडलं. दहाचं पोतं झालं की थेट बारा. शेतकरी गप्प उभे राहून हसायचे. मोतीलाल शेठच्या लक्षात आलं तेव्हा तो ओरडला, आरे भाईदास, हॉकीमा हारनूत ते हारनूत, आते दुकानबी हारावतस का?

हे वाचून तू थोडा हसला असशील तर बरं. कारण आता जे लिहायचं आहे ते लिहिताना टाक अडतो. याच भाईदासने भुसावळच्या फलाटावर, भर गर्दीत, तुझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, पोऱ्या पिईसन उना व्हता, डोया देखा त्याना. डोळे लाल म्हणून तू पिऊन आलास म्हणाला, आणि तू ते ऐकलंस. तू काहीच बोलला नाहीस, म्हणून बाकीच्यांना ते खरंच वाटलं. गाडी नंदुरबारला येईपर्यंत एका तोंडाचं दहा तोंडी झालं होतं. डोंगरातला पोर, मोहाची सवय, दुसरं काय होणार. बेटा, तुझ्या गावी होळीला देवाला मोहाची धार देतात आणि तू घरच्यांबरोबर घेतोस, हे तू माझ्यापासून कधी लपवलं नाहीस. पण तुझ्या बापाने सावरीच्या कापसाच्या गाठोड्याबरोबर तुलाही माझ्या ओट्यावर आणून बसवलं, त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत तू तसा कधी आला नाहीस. मी हे चौकात सांगितलं. लोक म्हणाले, तुम्ही माया करता म्हणून बोलता. माया तर करतोच.

त्यांचं तोंड बंद करता येईना, म्हणून मी आपल्याच पॅडच्या काळजीला लागलो. मला वाटलं मीच कापूस जास्त ठासला. तुला लागू नये, लागू नये म्हणत ठासत गेलो आणि पोराचे पाय हलेनात. हाजराबीने पॅड उचलून बघितले आणि म्हणाली, यापेक्षा तुमची उशी जड आहे. तरी मी रोज सलाउद्दीनच्या मागे लागायचो. तो माझा सख्खा पुतण्या, सामन्यात तुझ्या गोलामागेच ढोल घेऊन बसलेला. सांग रे, पाय उचलत होता का? वाकत होता का? तो नुसतं चाचा, जाऊ द्या, म्हणायचा आणि ढोलाच्या दोऱ्या आवळत बसायचा.

परवा असाच त्याच्या घरी गेलो. मिरचीबाजाराच्या गल्लीतलं घर, तुला माहीत आहे. त्याची धाकटी सलीमा दूध पीत नव्हती, म्हणून तिच्यावरून मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या. आम्ही सगळे आरामात बसलो होतो. पण सुरतेहून त्याची मेव्हणी अख्तरबानो आली आहे, तिला असा ठसका लागला की ती दारातून गल्लीत पळाली. पाणी मारून परत आली तेव्हा तिचे डोळे मी पाहिले. लालभडक, पाणी गळतंय, समोरचा पाट दिसेना, भिंतीला हात लावत चालली होती. बेटा, मी तसाच उभा राहिलो. त्या पोरीने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नव्हतं. मी सलाउद्दीनकडे वळलो. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मी म्हटलं, भुसावळला तुम्ही काय जाळलंत?

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या अर्ध्यात एकच गोल झाला, तोही कुणाच्या तरी काठीला लागून, आणि आपली मंडळी घाबरली. पोरावर नजर आहे, उतरवली पाहिजे. बाजू बदलल्यावर तुझ्या गोलामागे त्यांनी शेगडी पेटवली आणि मिरच्या टाकल्या. आता नजरेची रीत तुला माहीत आहे. मिरची जळताना ठसका लागला तर नजर नाही, नाही लागला तर नजर आहे. आणि हे सगळे कोण? मापारी, हमाल, आडते. जन्मभर मिरचीच्या धुळीत श्वास घेतलेले. त्यांना ठसका कसला लागतो! भाईदास म्हणाला, ठसका लागना नई, म्हणजे नजर भारी शे, आखो टाका. आणखी टाकल्या. तरी ठसका नाही. मग मोतीलाल शेठने बक्षीस द्यायला नेलेलं मिरचीचं पोतंच सोडलं. वारा मागून मैदानाकडे. धूर सगळा तुझ्यावर. आपलं घर कापसाचं, मिरचीची धूळ गादीत बसली तर निजणारा शिंकून मरेल, म्हणून मी तुला बाजाराच्या वाटेलाही जाऊ दिलं नाही. तुला सवय असणार कुठून? गोलामागे गोल होत गेले आणि जसजसे गोल झाले तसतशा त्यांनी मिरच्या वाढवल्या.

मी सलाउद्दीनला तसाच ओढत मोतीलाल शेठच्या वखारीत नेलं. माझा गुडघा दुखतो हेसुद्धा विसरलो. शेठ आधी हसला. आम्हाला तर काहीच झालं नाही गफूरमियाँ, म्हणाला. मी म्हटलं, इथलं नाक नको, बाहेरचं नाक आणा. बाहेरचं नाक म्हणजे शेठचे बडोद्याचे जावई तेवढे घरी होते. त्यांना अंगणात खुर्ची दिली, हातात सरबत दिलं, आणि मागे शेगडी पेटवली. शेठने मूठभरच टाकल्या. पुढचं मी लिहीत नाही, मोठ्या घरची अब्रू आहे. जावईबापू पुढच्याच गाडीने बडोद्याला गेले आणि शेठाणी शेठशी अजून बोलत नाही. पण शेठ मात्र शेगडीजवळ मटकन बसला. म्हणाला, आम्हीच गोल केले हो त्या पोरावर.

भाईदासचं सांगतो. तो तोंडाळ आहे, पण वाईट नाही. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, जे मी भर फलाटवर बोलनू, ते भर फलाटवरच मागे लिसू. मला वाटलं बोलण्याची गोष्ट, बोलला. पण भुसावळहून पॅसेंजर आली तेव्हा हा खरोखर फलाटावर उभा. बाजारातला सगळा आवाज लावून ओरडला, आयका हो, जामसिंग पियेल नव्हता! आम्हीन त्याना डोयामा धूर घाला! डब्याडब्यासमोर जाऊन ओरडला. सुरतेकडच्या एका बाईने खिडकीतून विचारलं, काय विकतोय हा? गाडी सुटेपर्यंत ओरडत होता. दोंडाईच्याच्या लोकांना आता वांग्यांपेक्षा हे जास्त आवडलं आहे, ते वेगळं. हसू देत. तुझ्या नावावरचा डाग गेला, हे मी माझ्या कानांनी ऐकून आलो. मोतीलाल शेठ, भाईदास, सगळी टीम म्हणते, गोलात जामसिंगच. ते त्यांचं. मी टीमसाठी बोलावत नाही तुला.

एक गोष्ट मात्र मी चौकात सांगितली नाही. सलाउद्दीनने ती मला वखारीच्या वाटेवर सांगितली आणि त्यानंतर मला जेवण गेलं नाही. शेगडीत पहिल्यांदा ज्या मिरच्या पडल्या, त्या शेठच्या नव्हत्या. हाजराबीने निघताना सलाउद्दीनच्या हातात पुरचुंडी दिली होती, पोरावर नजर पडली तर उतरवून टाक म्हणून. पुरचुंडीला तिच्या गोधडीतल्या निळ्या चिटाच्या कापडाचा तुकडा होता. सलाउद्दीन म्हणतो, तू तेव्हा एकदाच मागे वळून पाहिलंस. तो चिटाचा तुकडा शेगडीच्या कडेला पडलेला पाहिलास. त्याला वाटलं, आता हा ओरडणार, विझवा म्हणून. तू ओरडला नाहीस. तोंड फिरवलंस आणि गोलात उभा राहिलास. फलाटावर तुला दारुडा म्हटलं तेव्हाही एका शब्दाने सांगितलं असतंस तर सुटला असतास, पण मग तो धूर कुणाच्या मिरचीने सुरू झाला हेही निघालं असतं. बेटा, माझ्या पोटी मूल नाही, हे मी आजवर लोकांना सांगत आलो. आता कुणी विचारलं तर काय सांगायचं ते माझं मी ठरवलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हाजराबीला हे माहीत नाही. सलाउद्दीन तिला घाबरून म्हणाला की पुरचुंडी गाडीतच विसरली. त्यामुळे ती येईल त्याला सांगते की माझ्या मिरच्या पोचल्या असत्या तर पोर हरलं नसतं. शेठच्या शेगडीचं तिच्या कानावर आलं तर म्हणाली, त्यांचे हात चांगले नाहीत, माझ्या हातच्या हव्या होत्या. तिला तसंच राहू द्यायचं मी ठरवलं आहे, आणि सलाउद्दीनला कुराणाची शपथ घातली आहे. पण तुमच्या डोंगराकडच्या खापर गावच्या येत्या बाजाराला आम्ही दोघं येत आहोत. होय, मीसुद्धा. वाहरूची बैलगाडी ठरवली, तापीच्या पाण्यातून बैल गाडी ओढत नेतात म्हणे, मी डोळे मिटून बसेन. हे पत्र वाहरू बाजाराआधीच अक्कलकुव्याला देऊन येणार आहे, ते याचसाठी. ती तुला न्यायला येते आहे, आणि तुला समोर बसवून विचारणार आहे, खरं सांग, माझी पुरचुंडी कुणी जाळली होती का? तुला खोटं बोलता येत नाही. तू लगेच खाली बघतोस आणि कान लाल होतात. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करतो आहे. तर ऐक. तिने तुझ्यासाठी डब्यात मांडे आणि मटण बांधायचं ठरवलं आहे. ती डबा उघडेल तेव्हा नको म्हणू नकोस. आणि तिने विचारायला तोंड उघडलं की मोठा घास घे, आणि तो संपू देऊ नकोस.

खापरला तुझी वाट बघणारा, तुझाच
गफूरचाचा